राखणदाराच्या वहाणा

पेडणे महालातील किंवा डिचोलीच्या डोंगराळ अंगाकडील एखाद्या वृद्ध गृहस्थास, रात्री गावाची राखण कोण करतो, असा प्रश्न केला, तर तो पोलीस ठाण्याचे नाव घेणार नाही; तो देवचाराचे नाव घेईल. अंगावर घोंगडी, एका हाती दांडा आणि दुसऱ्या हाती पेटती चूड घेतलेला हा राखणदार तिन्हीसांजेनंतर गावाच्या शिवेवरून फेरी घालतो, वाट चुकलेल्यास घरापर्यंत पोहोचवतो आणि शिवेबाहेरचे अरिष्ट शिवेबाहेरच अडवतो, अशी तिथली समजूत आहे. गोव्यात ठिकठिकाणी पूजल्या जाणाऱ्या वेताळाविषयीही हीच भावना आढळते. डिचोली तालुक्यातील अमोण्याचा वेताळ त्यांत विशेष प्रसिद्ध. म्हणूनच या दैवतांना नारळ-फुलांच्या जोडीने चामड्याच्या वहाणा अर्पण करण्याची चाल पडली. वहाणा ठेवायच्या आणि काही काळाने त्यांचे तळ उलटून पाहायचे. झिजलेले दिसले की राखणदार चालला, गस्त झाली, दिलेला शब्द त्याने पाळला, असे गाव मानते.

श्रद्धेचा भाग श्रद्धाळूंकडे सोपवून या चालीकडे केवळ इतिहासाच्या जिज्ञासेने पाहिले, तर तिच्या पोटात राज्यशास्त्राचे एक सूत्र दडलेले दिसते. जो राखतो, त्याचीही राखण पाहिली पाहिजे. त्याच्या पायांतल्या वहाणा गावाने दिल्या आहेत, तेव्हा त्या झिजल्या की नाहीत हे विचारण्याचा अधिकारही गावाचाच. पोलीस खात्यावर सामान्य नागरिकांनी स्वेच्छेने, विनावेतन देखरेख ठेवावी, ही कल्पना आज आपल्याकडे परदेशी ग्रंथांतून आल्यासारखी चर्चिली जाते. परंतु या दोन महालांचा इतिहास चाळला म्हणजे ती येथे कधी नव्हती असे म्हणवत नाही. ती होती, तिचे रूप पालटले, पुढे ती उलटी झाली आणि अखेरीस आपण ती विसरलो, असाच क्रम हाती लागतो.

या कल्पनेचे दुसरे रूप एका शब्दात साठून राहिले आहे, तो शब्द ‘गाऱ्हाणे’. शब्दकोशात गाऱ्हाणे म्हणजे तक्रार. पण पेडण्यात आणि तेरेखोल नदीपलीकडच्या सिंधुदुर्गात गाऱ्हाणे घालणे हा एक विधी आहे. उत्सवाच्या आरंभी गावातला मानकरी देवळाच्या चौकात उभा राहून देवाला गावाची हकिगत सांगतो, चुकले असेल ते पदरात घे म्हणतो, कोणावर अन्याय झाला असेल तर त्याची दाद मागतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी जमलेले लोक एका आवाजात ‘होय महाराजा’ म्हणतात. येथे तक्रार कोणा अधिकाऱ्याच्या कानात कुजबुजलेली नसते. ती मोठ्याने, सर्वांच्या समक्ष, देवाच्या साक्षीने मांडलेली असते, आणि ‘होय’ म्हणणारा प्रत्येक जण तिचा साक्षीदार होतो. मराठेशाहीतील गोतसभेच्या महजरात आरंभी ‘हाजिर मजालस’ म्हणून उपस्थितांची नावानिशी यादी असे, ती याच वृत्तीची लेखी आवृत्ती होय. निवाड्याचे बळ केवळ निवाडा देणाऱ्याच्या शिक्क्यात नव्हते, तो देताना कोण कोण बसले होते यातही होते.

गावची राखण ही त्या काळी सरकारी खात्याची बाब नव्हती, गावाच्या व्यवस्थेचेच ते एक अंग होते. गोव्यातील गावसंस्थेला गावकरी म्हणत, पुढे पोर्तुगीज अमदानीत तिलाच कोमुनिदाद हे नाव पडले. अफोन्सु मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने १६ सप्टेंबर १५२६ रोजी तिसवाडीतील गावसंस्थांचे जे रीतिरिवाज लेखनिविष्ट केले, त्यात गावचा लेखक, लोहार, सुतार, परीट, दारवान यांना गावाने बिनसाऱ्याची जमीन लावून देण्याची पद्धत नमूद आहे. गावकऱ्यांच्या बैठकीतला ठराव म्हणजे ‘नेम’. आणि तो बहुमताने नव्हे, एकमताने होत असे. ज्याची जमीन गावाने दिली त्याचा जाबही गावानेच घ्यावा, हे ओघानेच आले.

देशावर याच तत्त्वाला अधिक कठोर स्वरूप होते. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात दख्खनच्या ग्रामरक्षकाचे जे वर्णन केले आहे ते मननीय आहे. चोरी झाली की राखणदाराने चोराचा माग काढायचा, त्याच्या पावलाचे माप एका काडीवर घ्यायचे, माग शेजारच्या गावच्या शिवेत शिरला की ती काडी त्या गावच्या राखणदाराच्या स्वाधीन करायची. मग जबाबदारी त्याची. माग जेथे संपेल त्या गावच्या राखणदारावर गेलेल्या मालाच्या भरपाईचा बोजा येई. एका काडीच्या लांबीवर दोन गावांचे उत्तरदायित्व तोलले जात होते, आणि ती काडी कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली हे दोन्ही गावे पाहत होती. आजच्या तपासाची कागदपत्रे एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात जाताना फिर्यादीला तेवढेही दिसत नाही.

परंतु या व्यवस्थेवर भुलून जाणे हा इतिहासाचा अपलाप होईल. गावकरीच्या बैठकीत बसण्याचा हक्क मूळ वसाहतकर्त्यांच्या पुरुष वंशजांना होता. कुळे, मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारे), स्त्रिया आणि जे अस्पृश्य मानले गेले ते बैठकीबाहेर होते, आणि विशेषतः देशावर राखणीचे जोखमीचे काम बहुधा या शेवटच्या वर्गाच्याच वाट्याला येई. राखणदाराला जाब विचारणारे डोळे पुष्कळ होते, पण राखणदाराचे गाऱ्हाणे ऐकणारे कान थोडे होते. तेव्हा त्या काळाकडून घ्यायचे ते एवढेच: राखण करणारा आणि ज्याचे राखायचे तो, हे एकमेकांस ओळखत होते, आणि हिशेब समोरासमोर होत होता.

पेडणे आणि डिचोली हे मुलूख दीर्घकाळ मराठी सत्तेखाली होते. डिचोली तालुक्यातील नार्वे येथे सप्तकोटेश्वराच्या मंदिराचा शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केलेला जीर्णोद्धार ही त्याची दगडी साक्ष. नंतर हा भाग वाडीच्या सावंत भोसल्यांकडे राहिला. पोर्तुगिजांनी १७८१–८२ च्या सुमारास डिचोली व सत्तरी घेतली, आणि १७८८ च्या तहाने पेडणेही त्यांच्या पदरात पडले. सोळाव्या शतकातील धर्मांतराचे अनुभव जमेस धरून की काय, या नव्याने जिंकलेल्या मुलखात, म्हणजे नव्या काबिजादीत, मात्र नव्या धन्याने रयतेचे आचार, देवळे आणि वहिवाटी यांना हात न लावण्याचे धोरण ठेवले. त्या धोरणाचे सर्वांत वाचनीय फळ म्हणजे नव्या काबिजादीच्या रहिवाशांच्या रीतिरिवाजांची संहिता. ती १८६१ मध्ये पणजीच्या सरकारी छापखान्यातून पोर्तुगीज व मराठी अशा दुभाषी स्वरूपात निघाली. कायदा रयतेला तिच्याच लिपीत वाचता यावा, ही दृष्टी त्या वसाहती राज्यात त्या काळी दिसावी, हे आश्चर्यच.

ज्या वर्षी पेडण्याचा अंमल पालटला त्यानंतर तीनच वर्षांनी, म्हणजे १७९१ च्या ऑगस्टमध्ये, पुण्यात जे घडले ते गाव आणि शहर यांतील अंतर दाखवते. घाशीराम कोतवालाच्या हुकमाने कोंडलेले तेलंगी ब्राह्मण दाटीत गुदमरून मेले. वीसाहून अधिक मृत्यू झाले. पेशव्यांच्या राजधानीत कोतवालाच्या अंमलावर नजर ठेवणारी रयतेची कोणतीही संस्था नव्हती; दाद मागायची तर ती थेट नाना फडणिसांकडे. परिणाम असा झाला की वर्षानुवर्षांचा साचलेला क्षोभ एका दिवसात फुटला, घाशीरामाला जमावाच्या हवाली करावे लागले आणि लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. विजय तेंडुलकरांच्या १९७२ च्या नाटकामुळे ही कथा घरोघर पोहोचली. पण तिचा नागरिकशास्त्राचा धडा अद्याप पुरता वाचला गेलेला नाही. जेथे जाब विचारण्याची सनदशीर वाट नसते तेथे मुकाट भीती आणि हातातला दगड यांच्यामध्ये तिसरे काही उरत नाही.

पोर्तुगीज राजवटीने गावपातळीवर जी तिसरी वाट काढली, तिने मूळ सूत्रच उलटे केले. प्रत्येक गावात वा गावसमूहात एक रेजिदोर नेमला जाई. पोर्तुगालच्या प्रशासकीय परंपरेत हा पगारी नोकर नव्हे, गावातलाच एक प्रतिष्ठित रहिवासी. तालुक्याच्या प्रशासकाच्या तो अधीन, आणि शांतता-सुव्यवस्थेची गावापुरती जबाबदारी त्याच्याकडे. रहिवासाचा दाखला हवा, गरिबीचा दाखला हवा, शेजाऱ्याने कुंपण पुढे सारले, अशा सर्व कामांसाठी त्याच्या ओसरीवर जावे लागे. वरवर पाहता हा स्वेच्छेने सेवा करणारा नागरिकच; परंतु त्याची नेमणूक वरून होती आणि त्याचे डोळे खाली होते. ज्या गावाने राखणदारावर नजर ठेवायची, त्याच गावातला माणूस आता राखणदाराची नजर होऊन गावावर बसला. सज्जन रेजिदोर मिळाला तर गावाला एक वडीलधारा मिळाला, आणि दुर्जन मिळाला तर ठाणेच घरात आले. दोन्ही गोष्टी दैवावर.

योगायोग असा की ज्या १८६१ मध्ये गोव्यात ती दुभाषी संहिता छापली गेली, त्याच वर्षी ब्रिटिश हिंदुस्थानात पाचव्या क्रमांकाचा पोलीस कायदा झाला. सत्तावनच्या उठावाची आठवण ताजी असताना केलेला हा कायदा. त्याच्या सतराव्या कलमान्वये गडबडीच्या प्रसंगी रहिवाशांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून नेमता येते, आणि एकोणिसाव्या कलमान्वये जो नकार देईल त्याला पन्नास रुपयांपर्यंत दंड करता येतो. कर्तव्य चुकवणाऱ्या पोलिसाला शिक्षा सांगणारे एकोणतिसावे कलमही त्यात आहे, पण ते दंडाधिकाऱ्याच्या न्यायासनापुढचे. शेजाऱ्याला काठी देऊन उभा करण्याची सोय कायद्याने केली. त्याच शेजाऱ्याने ठाण्याच्या दारात जाऊन आत काय चालले आहे ते पाहावे, ही कल्पना मात्र कोणाच्या मनात आली नाही. गोवा मुक्त झाल्यावर हाच कायदा येथील पोलिसांचा आधार झाला.

मुक्तीपूर्वीची तीस वर्षे या भूमीने अनिर्बंध पोलिसी सत्तेचा पुरता अनुभव घेतला. जुलै १९३० मध्ये लुईश द मिनेझिश ब्रागांझा यांनी शासकीय मंडळात गोमंतकीयांच्या स्वयंनिर्णयाचा ठराव मांडला, पण त्याच महिन्यात आलेल्या सालाझारच्या वसाहती कायद्याने असे आवाज दाबले. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली आणि तेथून सत्याग्रहाचे पर्व सुरू झाले. पोर्तुगालची ‘पिडे’ ही राजकीय पोलीस यंत्रणाही पुढे गोव्यात आली. या पर्वाची सर्वांत रक्तलांछित जागा पेडणे महालातच आहे. सीमेवरील पत्रादेवी येथे १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला, आणि मरण पावलेल्यांत पंजाबातून आलेला कर्नैलसिंग बेनिपाल होता. पत्रादेवीचे हुतात्मा स्मारक पाहणाऱ्याने हेही ध्यानात आणावे की तेथे गोळी झाडणाऱ्यास जाब विचारण्याची सोय या भूमीत कोणापाशीच उरली नव्हती. गावापाशी नव्हती, विधिमंडळापाशी नव्हती, वृत्तपत्रापाशीही नव्हती.

१९ डिसेंबर १९६१ रोजी ती सत्ता गेली. १९६२ च्या ग्रामपंचायत विनियमाने गावाला निवडलेली पंचायत मिळाली, आणि जुन्या गावकरीत ज्यांना पाय ठेवता येत नव्हता त्या कुळाला, मुंडकाराला व स्त्रीला मत मिळाले. हा लाभ कोणत्याही जुन्या वैभवाहून मोठा. रेजिदोराचे पद मावळले, त्याची कामे मामलेदार, तलाठी, पंचायत आणि ठाणे यांत वाटली गेली. नदीपलीकडे, आरोंद्याच्या किंवा सातार्ड्याच्या बाजूस, १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस कायद्यान्वये प्रत्येक गावाला पोलीस पाटील मिळाला. किरणपाणीच्या अलीकडे मात्र तसे पद नाही. पोलीस पाटील तरी पोलिसांवरची देखरेख नव्हेच, तो ठाण्याचा गावातला हात. पण त्याच्या रूपाने ठाण्याला गावात एक चेहरा तरी असतो. पेडणे-डिचोलीत रेजिदोराबरोबर त्याचा जुलूम गेला हे बरे झाले; त्याच्यासोबत गाव व ठाणे यांमधली ओसरीही गेली, याची खंत कोणी केली नाही.

ही पोकळी भरून काढण्याचे यत्न इतरत्र झाले, त्यांतले दोन सांगण्याजोगे आहेत. भिवंडीत १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या, आणि १९९२–९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही तशी चळवळ उभी राहिली, तिच्या प्रमुखांत गोमंतकीय वंशाचे माजी पोलीस आयुक्त ज्युलियो रिबेरो होते. या समित्यांतील माणसे स्वेच्छेने येत, पण त्यांचे काम सलोख्याचे होते, तपासणीचे नव्हते. तपासणीचे उदाहरण इंग्लंडातले. लंडनच्या ब्रिक्स्टन भागात १९८१ मध्ये दंगल झाली, तिच्या चौकशीत लॉर्ड स्कार्मन यांनी अशी शिफारस केली की सामान्य नागरिकांनी पूर्वसूचना न देता पोलीस कोठड्यांना भेट द्यावी. आज तेथे ही प्रथा कायद्याने स्थिर झाली आहे. दोन दोन स्वयंसेवक कोणत्याही प्रहरी ठाण्यात येतात आणि कोठडीतल्या माणसाला विचारतात की जेवण मिळाले का, अंथरूण आहे का, हक्क सांगितले का. आणि पाहिले ते लिहून देतात. मिळकत शून्य, अधिकार केवळ पाहण्याचा. त्या दोघांचे काम वहाणांचे तळ पाहण्यासारखेच आहे.

आपल्याकडे हे दार न्यायालयाने किलकिले केले. निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांच्या १९९६ च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी सात निर्देश दिले. त्यांतला सहावा, प्रत्येक राज्यात व प्रत्येक जिल्ह्यात पोलीस तक्रार प्राधिकरण असावे, असा. जिल्हा प्राधिकरणाने उपअधीक्षकापर्यंतच्या पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकाव्यात, राज्य प्राधिकरणाने अधीक्षक व वरच्या अधिकाऱ्यांविरुद्धच्या, आणि त्यांची शिफारस बंधनकारक असावी, अशी ती योजना होती. गोव्याने पुढच्याच वर्षी राज्यपातळीचे प्राधिकरण स्थापले. मुंबई उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती युरिको सांताना दा सिल्वा त्याच्या अध्यक्षस्थानी होते. अनेक मोठी राज्ये टाळाटाळ करीत असता या लहानग्या राज्याने त्वरा दाखवली, याचे श्रेय त्यास दिलेच पाहिजे. तथापि प्राधिकरण बसले पणजीत. केरीच्या किंवा हळर्ण्याच्या माणसाला हवालदाराविरुद्ध बोलायचे तर रोजंदारी बुडवून, नदी ओलांडून, राजधानीत जावे लागते. आणि तेथे तो बोलतो तेव्हा ‘होय’ म्हणणारे गाव त्याच्या पाठीशी उभे नसते.

याहून जवळची वाटही न्यायालयानेच दाखवली आहे. कोठडीतील छळाविषयीच्या डी. के. बसू खटल्याच्या पुढच्या आदेशात, २४ जुलै २०१५ रोजी, राज्यांनी तुरुंगांप्रमाणेच पोलीस ठाण्यांनाही अशासकीय अभ्यागत नेमण्याचा विचार करावा, असे म्हटले आहे. पुढे २ डिसेंबर २०२० च्या निर्णयाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवण्यास सांगून, त्यांवर देखरेख करणाऱ्या जिल्हा समितीत ग्रामीण भागासाठी जिल्हा पंचायतीच्या प्रमुखाला स्थान दिले. कॅमेऱ्याचा डोळा मिटत नाही हे खरे, पण त्याने टिपलेले पाहायला कोणी बसले नाही तर तो भिंतीवरचा अलंकार होतो. माणसाचा डोळा त्याहून साधा: दोन शहाणे, निःस्वार्थी गावकरी, त्यांतली एक स्त्री, महिन्यातून एकदा न सांगता पेडण्याच्या वा डिचोलीच्या ठाण्यात जातील, कोठडी पाहतील, नोंदवही पाहतील आणि पाहिले ते ग्रामसभेत सांगतील. यात पोलिसांचा अवमान नाही. प्रामाणिक हवालदाराला असा साक्षीदार मिळणे हे संरक्षणच आहे, कारण खोट्या आरोपालाही उत्तर तोच देईल.

न्यायालयाचे शब्द ‘विचार करावा’ असे आहेत, आणि सरकारे असा विचार पुष्कळ काळ करू शकतात. म्हणून आरंभ खालून व्हावा. पेडणे आणि डिचोलीतल्या एखाद्या ग्रामसभेत कोणीतरी उठून हे गाऱ्हाणे घालावे. ‘होय महाराजा’ म्हणायला माणसे तेथे मिळतील.